वरच्या रेघेपर्यंत

नवरा : दोन आटे. दाबाचा स्क्रू फक्त दोन आटे आवळ म्हणतोय मी. काही डोंगर उचलायला सांगत नाहीये.

बायको : आणि मी म्हणतेय, अर्धासुद्धा आवळणार नाही. ठेवा तो पाना खाली! हे माझं वर्कशॉप आहे, तुमचं अग्निशमन केंद्र नाही.

नवरा : अगं, पण जोरच नाही राहिला त्याच्यात! टेम्पोच्या दाराचा खांब अर्धा कापला आणि कटर जागच्या जागी थांबला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू होतीस का तिथं?

बायको : नव्हते. म्हणून तर मशीन इथं आणायला लावलं. तपासायला. पण तुम्हाला तपासण्याची गरजच काय? तुम्ही निकाल लावून मोकळे! अख्ख्या केंद्रासमोर, साहेबांसमोर सांगितलंत, "वर्कशॉपचं सेटिंग ढिलं आहे." वर्कशॉपचं! वर्कशॉप म्हणजे कोण हो? सेटिंग काय भिंती करतात?

नवरा : मी तुझं नाव घेतलं नव्हतं.

बायको : उपकारच झाले की! केंद्राच्या मशीनला माझ्याशिवाय कुणाचा हात लागतो? नाव कशाला घ्यायला हवं? आणि त्या दिवशी घरी येऊन मुकाट जेवलात. भात थोडा कच्चा राहिलाय, हे सांगायला तेवढं तोंड होतं. बाकीचं मला कुणाकडून कळलं? पहिलवान भाऊजींच्या बायकोकडून! तिला वाटलं मला माहीत असेल. बिचारी माझं सांत्वन करायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नवरा : रागात होतो मी. अगं, आत अडकलेला तो टेम्पोवाला माझा हात धरून बसला होता. दुसऱ्या केंद्राचं मशीन येईपर्यंत. "सोडू नका, सोडू नका", एवढंच म्हणत होता. माझ्या एका हातात त्याचा हात आणि दुसऱ्या हातात हा मेलेला कटर. तुला नाही कळायचं ते.

बायको : कसा आहे तो आता?

नवरा : पाय कापला नाही, वाचवलाय डॉक्टरांनी. त्या पायावर उभा राहील की नाही, ते कुणी सांगत नाही.

बायको : उभा राहू दे रे देवा. पण म्हणून माझं सेटिंग ढिलं ठरत नाही. साहेब चार वाजता फोन करणार आहेत ना?

नवरा : हो. दोष वर्कशॉपचा निघाला, तर उद्यापासून केंद्राची सगळी मशीनं दुसरीकडे जाणार.

बायको : मशीनं जाऊ द्यात. दुसरी कामं मिळतील मला. पण "हिच्या सेटिंगमुळे एका माणसाचा पाय कामातून गेला", हे एकदा चिकटलं की जन्मभर घासलं तरी निघायचं नाही. त्यामुळे आज काय ते तुमच्या डोळ्यांसमोर होणार. बसा त्या स्टुलावर.

नवरा : उभा आहे तो बरा आहे.

बायको : बसा म्हटलं की उभं राहायचं, हे तुमचं नेहमीचंच. भाऊजी, तुम्ही तरी या आत. मशीन ट्रॉलीवरून उतरवल्यापासून दारातच उभे आहात.

पहिलवान : असू दे वहिनी. इथं जरा वारा लागतोय.

बायको : आज गप्प गप्प? एरवी तुमचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो. बरं, आधी टाकीतलं तेल बघते, त्याच्याच दाबावर कटर चालतो. हे टाकीचं झाकण कुणी आवळलंय? हलत नाहीये. मी नुसत्या बोटांनी लावते, तेवढं पुरतं. द्या तो पाइप-पाना. आणा हो, हातात धरून काय उभे आहात! निघालं एकदाचं. तेल आहे. भरपूर आहे. वरच्या रेघेच्याही वर आहे. कुणी भरलं इतकं?

नवरा : तेलाचं सोड. स्क्रूचं बघ.

बायको : बघू की. हा बघा दाबाचा स्क्रू. हा त्याचा नट. आणि ही नटावरून खालपर्यंत मी ओढलेली लाल रंगाची रेघ. सरळ आहे की नाही? कुणी नट एवढासा फिरवला असता, तर रेघ तुटून दोन्ही टोकं बाजूला झाली असती. म्हणजे मी लावलं होतं तिथंच आहे. आता कशालाही हात न लावता आहे तसं चालू करते. नाहीतर उद्या म्हणाल, बाईनं गुपचूप आवळलं.

नवरा : मी असं कधी म्हणेन?

बायको : तुम्ही काय म्हणाल, याचा आता मला भरवसा राहिलेला नाही. भाऊजी, तेवढी इंजिनाची दोरी ओढा आणि मग जा हवं तर परत दारात. झालं सुरू. तेल जरा गरम होऊ दे. ओरडून बोला, ऐकू येत नाही!

नवरा : काटा कुठंय?

बायको : हा काय! आता पाइपाचं तोंड बंद आहे, तेलाला जायला वाट नाही. दाब चढणार. बघा. चारशे. पाचशे. सहाशे. कुठं थांबला?

नवरा : सातशेवर.

बायको : थरथरतोय का?

नवरा : नाही.

बायको : मोठ्यानं!

नवरा : नाही थरथरत!

बायको : ऐकलंत ना, भाऊजी? आता कटर जोडते. ही सळई. घाला पात्यात. कापा. कापली?

नवरा : कापली.

बायको : अशी तशी नाही, लोण्यासारखी कापली. आता हा टेम्पोच्या दाराचा खांब. भंगारवाल्याकडून मुद्दाम आणून ठेवलाय, त्याच जातीचा. कापा.

नवरा : हाही कापला.

बायको : बंद करते इंजिन. आता सांगा. कोण ढिलं आहे?

नवरा : इथं चालतंय गं. तिथं नाही चाललं, त्याचं काय? मी म्हणतो थोडा दाब वाढवून ठेवायला काय हरकत आहे? असला तर असला जास्त.

बायको : असला तर असला? हा पाइप सातशेला चालतो. त्याच्यावर रोज ताण दिला, तर एक दिवस तुमच्या हातात फुटेल. तेलाची धार सुईसारखी कातडीत घुसते, माहीत आहे ना? मग तुम्ही त्या टेम्पोवाल्याला सोडवायचं की तुम्हाला कुणी सोडवायचं? माझ्याच नवऱ्याच्या हातात असं मशीन मी देऊ?

नवरा : मला शिकवू नकोस. रोज वापरतो मी ते.

बायको : वापरता. तेवढंच करता. बरं, आता दुसरं बघा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे सेटिंग ढिलं होतं ना? करते ढिलं. रेघ मोडतेय, परत ओढेन. नट सैल केला, स्क्रू मागे फिरवला. भाऊजी, दोरी. आता काटा किती?

पहिलवान : पाचशेच्या खाली, वहिनी.

बायको : अहो, कटर धरा, कापा तो खांब.

नवरा : अर्ध्यात थांबला! बघ! हेच झालं होतं, अगदी हेच!

बायको : थांबा. नाचू नका लगेच. आवाज ऐका. नीट ऐका. पंप कसा चाललाय?

नवरा : चाललाय. नेहमीसारखा.

बायको : त्या दिवशी असाच होता?

नवरा : नाही. त्या दिवशी किंचाळत होता. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत ना, तसा. आणि कटरला गचके बसत होते.

बायको : काय म्हणालात?

नवरा : खडे घालून...

बायको : बंद करा ते इंजिन. भाऊजी, बंद करा. हे तुम्ही साहेबांना सांगितलंत?

नवरा : आवाजाचं कोण विचारतंय? माणूस अडकलाय आतमध्ये आणि मी काय आवाज ऐकत बसू?

बायको : नंतर तरी सांगायचं! मला घरी सांगायचं! एवढं एक वाक्य बोलला असतात, तर मी जेवता जेवता सांगितलं असतं की दोष सेटिंगचा नाही. सेटिंग ढिलं असलं की पंप ओरडत नाही, तेल गुपचूप टाकीत परत जातं. पंप खडखडायला लागला की समजायचं, त्याच्या पोटात हवा जातेय. ज्याला खडे म्हणताय ना, ती हवा. आणि तुम्ही दोन आटे आवळा म्हणून बसलात! देवा, काय माणूस आहे हा.

नवरा : हवा कुठून जाईल?

बायको : टाकीतून तेल ओढणारी नळी उघडी पडली की. ठेवलं कुठं होतं मशीन? सपाट रस्त्यावर?

नवरा : नाही गं. टेम्पो उताराच्या वळणावर उलटला होता. मशीन कडेला ठेवलं, तिरकं होतं.

बायको : तिरकं. हं. आधी स्क्रू जागेवर आणते, जेवढा मागे फिरवला तेवढाच पुढे. सातशे. नट आवळला. बघितलंत ना, भाऊजी? साक्षीदार आहात तुम्ही. आता हे लाकडी ठोकळे एका बाजूखाली घाला. बास, एवढाच उतार असेल ना?

नवरा : साधारण.

बायको : करा चालू. कापा.

नवरा : कापलं की.

बायको : कापलं. आवाजही नाही. कारण टाकी काठोकाठ भरलीये. भरलेली असताना उतारावर काहीच होत नाही. म्हणजे त्या दिवशी तेल कमी होतं.

नवरा : तेल कमी कसं असेल? आम्ही जागेवर पोचलो की पहिलवान दर वेळी डब्यातून तेल ओततो. तू त्याबद्दल बोलतच नाहीस! तुझं हे मशीन तेल पितं!

बायको : काय पितं?

नवरा : तेल! दर वेळी ओतावं लागतं. मी विचारलं तर पहिलवान म्हणाला, जुनं झालंय, पितं.

बायको : अहो, हे तेल जळत नाही! पंपातून जातं, कटरमधून फिरतं आणि परत टाकीत येतं. कमी व्हायला ते गळायला हवं. बघा खाली, सापडतो का एखादा थेंब? पाइप बघा, सगळी जोडणी बघा. कोरडं ठणठणीत! आणि माझं मशीन तेल पितं म्हणे! भाऊजी, तुम्ही असं म्हणालात?

पहिलवान : वहिनी, चहा घेऊ का आपण आधी? थर्मास भरून आणलाय मी.

बायको : घ्या तुम्ही. माझं डोकं फिरलंय आता. किती दिवस चाललंय हे ओतणं?

नवरा : झाले की चार-सहा महिने.

बायको : आणि मला पत्ता नाही. बरं. हा डबा धरा टाकीखाली. अर्धं तेल काढते. आता तेवढ्याच उतारावर, अर्ध्या टाकीवर. ओढा दोरी. कापा खांब.

नवरा : चाललंय... थांब. थांब, थांब! हाच!

बायको : काय हाच?

नवरा : हाच आवाज! गचके बघ. काटा बघ कसा नाचतोय. थांबला कटर! अर्ध्यात थांबला. हाच आवाज गं. मी झोपेतसुद्धा ओळखेन. बंद कर. बंद कर ते!

बायको : केलं. केलं बंद. बसा जरा, पांढरे पडलात.

नवरा : नको. उभा आहे. म्हणजे त्या दिवशी तेल अर्धंच होतं?

बायको : अर्धंच होतं. आणि आज इथं आलं तेव्हा रेघेच्या वर. आपोआप नाही भरलं ते. द्या तो चहा, भाऊजी, घसा सुकला ओरडून. अगं बाई, हा थर्मास कुणी बंद केलाय? फिरत नाही झाकण.

नवरा : आण इकडे. मलाही नाही येत. पहिलवान, काय रे हे? चहा काय पळून जाणार आहे? दर वेळी असाच आवळतोस.

बायको : दर वेळी.

पहिलवान : वहिनी...

बायको : आमच्या स्वयंपाकघरातला नळ तुम्ही एकदा बंद केला होतात, तो उघडायला मला पाना लागला होता. आज टाकीच्या झाकणालाही पाना लागला. भाऊजी, आता आत या. दारात नाही. माझ्यासमोर या.

पहिलवान : आलो.

बायको : तेल तुम्ही भरलंत.

पहिलवान : हो.

बायको : आणि काढलंतही तुम्हीच.

पहिलवान : हो, वहिनी.

नवरा : काय? अरे, काय बोलतोयस तू?

पहिलवान : दर पाळीला तू आत कपडे बदलत असायचास, तेव्हा अर्धं तेल डब्यात काढून ठेवायचो. डबा गाडीत. जागेवर पोचलो, मशीन उतरवलं की आधी डबा ओतायचा, मग दोरी. एकदाही चुकलो नाही इतके महिने.

नवरा : पण कशाला? वेड लागलंय का तुला?

पहिलवान : हलकं व्हावं म्हणून.

नवरा : तुला जड होतं? तुला? पोती उचलून जिना चढतोस तू!

पहिलवान : मला नाही रे.

बायको : मग कुणाला?

पहिलवान : त्यालाच विचारा.

बायको : अहो?

नवरा : मला काय विचारतेस? मी काय केलंय?

पहिलवान : सांग ना आता! की तेही मीच सांगू? वहिनी, मशीन दोघांनी उचलायचं असतं. इंजिनाची जड बाजू मी धरतो, टाकीची हा. गेल्या हिवाळ्यापासून हा उचलतो तेव्हा श्वास कोंडतो याचा. ओठ पांढरे होतात. एकदा गाडीच्या मागे जाऊन ओणवा होऊन उभा होता, मला वाटलं ओकतोय. पाठ धरली होती. विचारलं की म्हणतो, चमक भरली. महिनोन्महिने कसली चमक भरते?

नवरा : तू मला अपंग ठरवून मोकळा झालास! मला न विचारता! कोणी सांगितलं होतं तुला?

पहिलवान : विचारलं होतं! दहा वेळा विचारलं! दर वेळी अंगावर आलास! मी काय करायला हवं होतं? साहेबांना सांगायला हवं होतं? तुला गाडीवरून काढून फोन उचलायला बसवलं असतं त्यांनी. तू महिनाभरही जगला नसतास त्या खुर्चीत. अर्ध्या टाकीनं काही फार हलकं होत नाही, मला कळत नाही का? पण तुझा श्वास तेवढा कमी कोंडायचा. मी बघायचो ना.

बायको : गादी.

नवरा : काय?

बायको : गादी टोचते म्हणालात. खाली सतरंजीवर झोपायला लागलात. मी कापूस पिंजून घेतला, तरी टोचते म्हणालात. मग नवी गादी आणली मी! तीही मऊ आहे म्हणालात! आणि मी वेडी, स्वतःशीच चरफडत होते की बाई, या माणसाला माझ्या शेजारी झोपायचंच नाहीये. महिनोन्महिने मी हे मनात घेऊन फिरतेय!

नवरा : अगं, तसं काही...

बायको : गप्प बसा! ताकास तूर लागू दिली नाहीत! आणि भाऊजी, तुम्ही. त्या दिवशी काय झालं?

पहिलवान : डबा हातात घेतला होता मी. झाकणही उघडलं होतं. तेवढ्यात हा ओरडला, "पाइप आण, पाइप!" आतला माणूस किंचाळत होता. मी डबा टायरजवळ ठेवला आणि पाइप घेऊन धावलो. सगळं संपल्यावर परत आलो, तर डबा तिथंच. भरलेला. वहिनी, तिथंच रस्त्यावर बसलो. रोज जातो मी त्या टेम्पोवाल्याकडे. त्याची आई मला "देवासारखे आलात" म्हणते. मान वर करून बघता येत नाही तिच्याकडे.

बायको : आणि मग केंद्रावर येऊन टाकी भरलीत. काठोकाठ.

पहिलवान : घाबरलो होतो. अख्खा डबा ओतला, वर केंद्रातलं नवं तेलही ओतलं.

बायको : हे सगळं मला कळतं. घाबरलात, विसरलात, माणूस आहात. पण हे साहेबांसमोर "वर्कशॉपचं सेटिंग" म्हणाले, तेव्हा तुम्ही कुठं होतात?

पहिलवान : याच्या शेजारी.

बायको : आणि?

पहिलवान : मी तोंड उघडलं असतं, तर याची पाठ उघडी पडली असती.

बायको : म्हणजे यांची पाठ झाकायला मला पुढं केलंत. वहिनी काय, घरचीच! तिच्यावर खापर फुटलं तरी ती चहा देणारच! अहो, मी या मशीनच्या एकेका नटावर रेघ ओढते, का? तर हा माणूस हे घेऊन आगीत जातो, अपघातात जातो, आणि ते त्याच्या हातात दगा देऊ नये म्हणून! दुसऱ्याचं मशीन मी एकदा तपासते, तुमचं तीनदा तपासते! आणि तुम्ही दोघं मिळून... एकानं बोलायचं नाही म्हणून ठरवलं, दुसऱ्यानं तोंडाला येईल ते बोलायचं ठरवलं!

नवरा : मला तेलाचं माहीत नव्हतं. शपथ.

बायको : पाठ तर माहीत होती!

नवरा : हो.

बायको : माहीत होती ना?

नवरा : माहीत होती. म्हटलं ना, हो. मला वाटलं बरी होईल. मग वाटलं, नाही झाली तरी ओढून नेईन काही दिवस. गाडीवर नसलो, तर मी कोण गं? टेबलामागचा एक माणूस. लोक पाणी प्यायला येतात आणि "काय काका, आज काय?" म्हणून जातात.

बायको : आणि तो टेम्पोवाला कोण? त्याला कुणी विचारलं होतं का, सोडवायला येणाऱ्याची असली पाठ चालेल का म्हणून?

पहिलवान : वहिनी, मी एक सांगू? साहेबांचा फोन आला की मी बोलतो. सांगतो, तेल भरायला विसरलो. चूक माझी. जी शिक्षा करायची ती करा. त्यात तुमचं नाव धुऊन निघतं, आणि याचंही काही बाहेर येत नाही.

बायको : वा! पुन्हा तेच! पुन्हा अर्धीच टाकी! आणि पुढच्या वेळी काय कराल? पूर्ण भरलेलं मशीन यांच्याकडून उचलवाल? उचललं नाही तर? तिथं दुसरा कुणी हात धरून बसलेला असेल, त्याला काय सांगाल?

नवरा : मी उचलेन.

बायको : उचलाल?

नवरा : उचलेन. न उचलायला काय झालंय?

बायको : ठीक आहे. हे काढलेलं तेल मी परत भरते. बघा, दोघंही बघा. वरच्या रेघेपर्यंत. रेघेच्या वर नाही आणि खाली नाही. हे झाकण, बोटांनी लावलं. ठोकळे काढले. भाऊजी, जड बाजू धरा. अहो, तुमची बाजू धरा. उचला.

नवरा : आता?

बायको : आता. अपघात काय सांगून होतो? उचला.

पहिलवान : वहिनी, नको ना. राहू दे.

बायको : तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्या मध्ये पडण्यानंच हे झालंय. उचला हो.

(ते दोघे वाकतात. मशीन वीतभर उठतं. टाकीची बाजू कलते आणि खाली टेकते.)

पहिलवान : सोड. सोड, मी धरलंय. हात काढ तू.

बायको : अहो. बघा इकडे. श्वास घ्या. हळू. नका उठू लगेच, माझ्या खांद्याला धरा. एवढं दुखतं? एवढं दुखत असताना तुम्ही रोज सकाळी वाकून बुटाचे बंद बांधत होतात?

नवरा : बांधत नव्हतो. बंद आधीच बांधून ठेवतो. पाय नुसता आत सरकवतो.

बायको : आणि मी चिडायचे, की बुटांची टाच मोडता म्हणून.

नवरा : रडतेस काय? भांड ना. मघाशी बरी भांडत होतीस.

बायको : भांडणारच आहे. घरी गेल्यावर भांडणार आहे. आता दमले.

पहिलवान : फोन वाजतोय. साहेबांचा आहे. काय करू?

बायको : काय करायचं ते यांना ठरवू दे. मी एक शब्द बोलणार नाही.

नवरा : आण इकडे. ... हॅलो, साहेब. हो, वर्कशॉपमध्येच आहे. तपासलं. माझ्यासमोर तपासलं. ... नाही साहेब, ढिलं नव्हतं. सेटिंग बरोबर होतं, तेव्हाही आणि आताही. मी सगळ्यांसमोर चुकीचं बोललो, ते परत सगळ्यांसमोरच बोलेन. ... हो, तेल कमी होतं. ... नाही, एकट्या पहिलवानाचं नाही. ते फोनवर नको, साहेब, लांबलचक आहे. मी येतो आत्ताच. ... हो. फक्त एक करा, साहेब, माझ्यासाठी एक खुर्ची काढून ठेवा. मला आता फार वेळ उभं राहवत नाही.